प्रकल्प नोंदी: उजनीवरच्या दीडशे एचपी बोटीचं पेट्रोल कुठं अडतंय

६ एप्रिल, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उजनी धरणाच्या काठावरून बोटवाले अण्णा आज वर्कशॉपला येऊन गेले. बोट फायबरची, १९ फुटी. मागं बाहेरून लावलेलं दीडशे एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड), तीन लिटर, चार सिलिंडर, इंजेक्शनवालं. टाकी डेकखाली, १२० लिटरची. पर्यटकांच्या फेऱ्या मारते आणि कुणाची बोट अडकली तर ओढून आणायलाही हीच धावते.

तक्रार अण्णांच्या शब्दांत: "मिस्त्री, स्टार्ट बटणावर होतंय, हळू कितीबी पळवा, काय म्हणत नाही. फुल्ल दाबलं की अर्धा मिनिट झकास आणि मग गळा दाबल्यागत होतंय."

आकडे विचारून घेतले. फुल थ्रॉटलला ५४०० आरपीएमपर्यंत जातं, अर्ध्या मिनिटात ३८०० वर येतं, तिथं वर-खाली डोलत राहतं. थ्रॉटल सोडून थोडं थांबलं की पुन्हा तोच खेळ. आधीच्या एका मेकॅनिकनं प्लग बदलले, पाइपात कॉम्प्रेसरची हवा मारून "लाइन क्लिअर आहे" सांगितलं आणि आता हाय-प्रेशर पंप व चारही इंजेक्टर बदलायचा अंदाज दिलाय. तो कागद मी पाहिला. त्या पैशात एक बरी सेकंडहँड मोटारसायकल येईल. अण्णांना म्हटलं, गेज लावून बघितल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका.

अर्ध्या मिनिटाचा तो उशीर मला सगळ्यात बोलका वाटतो. हे इंजिन पूर्ण ताकदीला तासाला ५०-५५ लिटर पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला लिटरच्या थोडं अलीकडं. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता नुसतं चालू असताना, हेच तासाला दोन-तीन लिटरवर भागतं. वीसपट फरक आहे. वाटेत कुठं निम्मी अडचण असली तरी आयडलला ती कळणारसुद्धा नाही. शिवाय इंजिनावर एक छोटी टाकी असते, व्हेपर सेपरेटर. तिच्यात कप-दोन कप पेट्रोल कायम भरलेलं असतं. मागून पुरवठा कमी पडला की इंजिन आधी ही शिल्लक संपवतं आणि ती संपली की धापा टाकतं. मागणी मिनिटाला नऊशे मिलीची आणि आवक पाच-सहाशेची धरली, तर कपभर शिल्लक अर्ध्या-पाऊण मिनिटात खलास. हिशेब जुळतो. इंजेक्टर तुंबले असते तर पहिल्या सेकंदापासूनच ५४०० गाठता आले नसते.

म्हणून संशय टाकी ते सेपरेटर या टप्प्यावर. अजून हा फक्त संशय आहे.

८ एप्रिल

आजचा दिवस तयारीत गेला. पेट्रोलची वाट कागदावर काढून वर्कशॉपच्या पोराला समजावली. तो डिझेल पंपांवर शिकलेला, बोटीचं इंजिन पहिल्यांदाच बघतोय.

टाकीत बुडालेली उचल-नळी. तिच्या वरच्या टोकाशी अँटी-सायफन व्हॉल्व्ह. पाइप फुटला तरी टाकी आपोआप बोटीत रिकामी होऊ नये म्हणून. मग पाणी वेगळं करणारा फिल्टर, १० मायक्रॉनचा. मग हातानं दाबायचा रबरी प्रायमर बल्ब, म्हणजे फुगा. तिथून इंजिनापर्यंत पाइप. इंजिनावर छोटा फिल्टर, लो-प्रेशर पंप, व्हेपर सेपरेटर, त्यात बुडालेला हाय-प्रेशर पंप, इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी म्हणजे रेल, दाब राखणारा रेग्युलेटर, इंजेक्टर.

लो-प्रेशर पंपाच्या मागचं सगळं ओढीवर चालतं आणि सेपरेटरच्या पुढचं सगळं दाबावर. पोराला हे दहा वेळा सांगितलं तरी कमी आहे. ओढीच्या बाजूला गळती असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली थेंब पडत नाही, म्हणून माणूस तिकडं बघतच नाही.

सोबत नेण्याचं सामान: ओढ पाऱ्याच्या इंचांत दाखवणारं व्हॅक्यूम गेज, रेलला लावायचं प्रेशर गेज, इंजिनाच्या तोंडाशी जोडायला वीतभर पारदर्शक पेट्रोल-पाइप, २५ लिटरची सुटी टाकी आणि तिचा स्वतःचा नवा पाइप, मल्टीमीटर, काचेचं मोजपात्र. अग्निशामक सिलिंडर दोन. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचून राहते, डोळ्याला दिसत नाही. तळाचं झाकण उघडून, पंखा चालवून, वास गेल्याची खात्री होईपर्यंत बॅटरीच्या टर्मिनलला हात लावायचा नाही.

१० एप्रिल, उजनी

पहाटे निघालो. मोहोळ, टेंभुर्णी, आणि ऊन चढायच्या आत काठावर. पाणी बरंच उतरलंय. पावसाळ्यात जिथं बोट थेट उतरते तिथून आता चिखलातून ढकलत न्यावी लागली.

आधी टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. थोडी गढूळ झाक, तळाला पाण्याचे मणी. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या वाटीतही चमचाभर पाणी निघालं. ते काढून नवा फिल्टर बसवला आणि फेरी मारली. दुखणं जसंच्या तसं. पाणी होतं, ते काढायलाच हवं होतं. पण हे दुखणं पाण्याचं नव्हतं.

मग दोन्ही गेज एकाच वेळी लावली. व्हॅक्यूम इंजिनाच्या तोंडाशी, प्रेशर रेलवर, आणि पोरानं दोन्ही एकाच चौकटीत घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढला. हा व्हिडिओ आजची खरी कमाई.

आयडलला व्हॅक्यूम अर्धा इंच, रेलचा दाब ३ बार. फुल थ्रॉटल दिल्यावर व्हॅक्यूम चढत चढत ७ इंचांवर गेला. रेल मात्र तोवर ३ बारवरच. मग काही सेकंदांनी रेल घसरून २ बारच्या खाली, आणि त्याच क्षणी आरपीएम पडले. या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये ओढीची मर्यादा अडीच इंच आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. ओढ आधी वाढली, दाब नंतर पडला. हाय-प्रेशर पंप मरत असता तर रेलचा दाब आधी पडला असता आणि मागची ओढ उलट कमी झाली असती, कारण पेट्रोल खेचलंच गेलं नसतं. पंपाच्या तारांवर व्होल्टेजही पाहिलं, भाराखाली १३.८. पंपाला वीज पुरेशी मिळतेय.

आरपीएम पडत असताना अण्णांना फुगा दाबत राहायला सांगितलं. प्रत्येक दाबेला इंजिन उसळून वर यायचं, हात थांबला की खाली. फुगा चपटा झालेला नव्हता, कडक होता. हे टिपून ठेवलं. मुख्य अडथळा टाकीच्या बाजूला असता तर फुगा ओढीनं आत बसायला हवा होता.

१० एप्रिल, दुपार

उन्हात एक नवी भानगड. पारदर्शक पाइपात फुल थ्रॉटलला बुडबुडे दिसायला लागले. सकाळी नव्हते.

बुडबुडे दिसले की पहिला विचार हवेच्या गळतीचा येतो, आणि अण्णांनी लगेच क्लिपा आवळायला पान्हा उचलला. थांबवलं. फुगा दाबून त्याच्या पुढच्या लाइनमध्ये दाब तयार केला, तिथल्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. एकाही ठिकाणी फेस आला नाही. मग हे बुडबुडे हवेचे नसावेत, पेट्रोलच्या वाफेचे असावेत. द्रवावरचा दाब कमी झाला की तो कमी तापमानाला उकळतो. ७ इंच ओढ म्हणजे पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा जवळजवळ पावपट कमी, वर सोलापुरी एप्रिलचं ऊन आणि तापलेला काळा पाइप. पेट्रोल तिथंच उकळतंय. पंपाला द्रवाऐवजी वाफ मिळाली की पुरवठा आणखी घटतो.

यावरून उन्हाळ्यात दुखणं जास्त आणि हिवाळ्यात कमी का, याचा उलगडा झाला. अण्णा म्हणाले, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला लोक येतात त्या थंडीच्या दिवसांत एवढा त्रास नव्हता. गरमी मूळ आजार नाही, ओढ कमी केली की वाफही थांबली पाहिजे. हे पुढं तपासायचं.

१३ एप्रिल, उजनी

आज वाटेचे तुकडे पाडून मोजलं.

पहिली तपासणी फुकटची: टाकीचं झाकण उघडं ठेवून जमेल तेवढी छोटी फेरी, पाणी शांत असताना, बोटीवर दुसरं कुणी नसताना. व्हॅक्यूम ७ वरून ५ वर आला. म्हणजे टाकीत हवा पुरेशी येत नव्हती. व्हेंटची नळी काढली तर बाहेरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. या माशीला बोटभर भोक दिसलं की पुरे. साफ केलं, तोंडावर बारीक जाळी बसवली. जाळी फार बारीकही नको, धुळीनं तीच बुजते.

झाकण लावून पुन्हा मोजलं, ५ इंच. सुधारणा झाली पण मर्यादेच्या दुप्पट अजून आहेच.

मग सुटी टाकी डेकवर पट्ट्यानं बांधली आणि तिचा पाइप थेट इंजिनाला. बोटीची सगळी वाट बाजूला. ५५०० आरपीएम, एकही झटका नाही, व्हॅक्यूम सव्वा इंच. किनाऱ्यापासून लांब, सरळ, पूर्ण ताकदीनं, सुट्या टाकीतलं निम्मं पेट्रोल संपेपर्यंत चालवली. अण्णांच्या चेहऱ्याकडं बघून मलाच बरं वाटलं. पंप, इंजेक्टर, लो-प्रेशर पंप, कॉम्प्युटर या सगळ्यांची निर्दोष सुटका एका पंचवीस लिटरच्या टाकीनं केली. बोटीवर काम करणाऱ्या प्रत्येकानं अशी टाकी बाळगावी असं मला मनापासून वाटतं.

परत बोटीच्या टाकीवर आणून गेज एकेक जोड पुढं सरकवत नेलं. सगळे आकडे आरपीएम पडायच्या अगदी आधीचे, कारण एकदा पडले की प्रवाहच कमी होतो आणि गेज खोटं बोलतं.

अँटी-सायफन व्हॉल्व्हनंतर: ०.८
फिल्टरनंतर: १.२
फुग्यानंतर: १.६
इंजिनाच्या तोंडाशी: ५

फुगा ते इंजिन हा पाइप. जवळजवळ साडेतीन इंचांची ओढ एवढ्या एकाच तुकड्यात जातेय. जेमतेम दोन मीटर पाइप, बाहेरून गुळगुळीत, कुठं वाकलेला नाही, चिरलेला नाही. याच पाइपात कॉम्प्रेसरची हवा मारून तो क्लिअर ठरवला होता.

तो काढून वर्कशॉपला आणलाय. अण्णांना म्हटलं, नवा बसेपर्यंत बोट पाण्यात घालायची नाही. त्यांनी वाद घातला नाही. २०२४च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते या काठावर कुणी विसरलेलं नाही. ती घटना वाऱ्याची होती. पण वारा सुटल्यावर चालकाच्या हातात बोटीचं नाक लाटेला समोर ठेवणं एवढंच उरतं, आणि ते इंजिन चालू असेल तरच जमतं. ऐन वेळी धाप टाकणारं इंजिन बोटीला लाटेत आडवं टाकतं. लाइफ जॅकेट हवंच, आणि पूर्ण ताकदीची हमी असलेलं इंजिनही तितकंच हवं.

१४ एप्रिल, वर्कशॉप

अर्धा पाइप उभा चिरला. आतला काळा अस्तराचा थर बाहेरच्या रबरापासून सुटलेला, हातभर लांबीत. एका जागी त्याची जीभ झालेली, बोटानं हलते.

इंजिन पेट्रोल ओढतं तेव्हा ही सुटलेली जीभ आत खेचली जाऊन वाट बुजवते. जितकी ओढ जास्त तितकी ती घट्ट बसते, म्हणून आयडलला काही नाही आणि फुल थ्रॉटलला गळा दाबला जातो. मागून हवा मारली की तोच थर दाबानं भिंतीला चिकटतो आणि वाट सताड उघडी दिसते. फुगा दाबल्यावर इंजिन उसळायचं तेही याचमुळं. जी नळी काम ओढीवर करते तिची तपासणी ओढीवरच व्हायला हवी. खात्रीसाठी तशाच उरलेल्या अर्ध्या तुकड्याला एका टोकानं हातपंपानं व्हॅक्यूम दिला, दुसरं टोक पेट्रोलच्या भांड्यात. सुरुवातीला धार, मग ओढ वाढवली तशी थेंब. त्याच तुकड्यातून फुंकर आरपार गेली. पोरानं स्वतः करून बघितलं. हे त्याला आता कायम लक्षात राहील.

पाइपावर कसलाच छाप नाही. हार्डवेअरच्या दुकानात गुंडाळ्यातून मीटरवर कापून मिळतो तो.

अस्तर सुटलं कशानं? बोटीच्या टाकीतल्या पेट्रोलचा नमुना मोजपात्रात घेतला. ९० मिली पेट्रोल, वर १० मिली पाणी, हलवून ठेवलं. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला पाणी पेट्रोलपेक्षा जवळचं, ते पेट्रोल सोडून खाली पाण्यात उतरतं. खालचा थर १० चा वाढून जवळजवळ २८ वर थांबला. म्हणजे नव्वदात अठरा, वीस टक्के. पंपावर मिळतं ते ई-२० च हे, भेसळ नाही. पण साध्या रबराला ते मानवत नाही. इथेनॉलनं अस्तर फुगतं, मऊ पडतं, रबराची पकड सोडतं. शिवाय हवेतलं पाणी धरतं. मोटारसायकलची टाकी आठवड्यात संपते, तिला ते जाणवत नाही. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या बोटीच्या टाकीत पाणी साठत जातं आणि हद्द ओलांडली की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो, नेमका उचल-नळीच्या तोंडाशी.

बहुतेक बोट-इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के असते. उजनीच्या पाण्यावर ऊस, उसावर जिल्ह्यातले एवढे साखर कारखाने, आणि कारखान्यांतून इथेनॉल. ते आता याच जलाशयावरच्या टाक्यांत परत आलंय. शेतकऱ्याच्या उसाला त्यानं भाव मिळतो, त्यावर माझा आक्षेप नाही. बोटवाल्यांना मात्र त्यासाठी काय बदलायचं हे कुणीतरी नीट सांगायला हवं. पाइप, फुगा, वॉशर, सगळं इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचं हवं.

१७ एप्रिल

सुटलेल्या अस्तराचे कण पुढं गेले असणारच, म्हणून इंजिनाकडचं उघडलं. इंजिनावरच्या फिल्टरमध्ये काळा भुगा. सेपरेटरच्या तळालाही थोडा. धुऊन, नवं गॅस्केट. इंजेक्टर शहरातल्या कार-इंजेक्शनवाल्याकडच्या टेस्ट बेंचवर लावले: तीन सारखे, दोन नंबरचा थोडा कमी सोडतो आणि फवारा एका बाजूला झुकतो. अल्ट्रासॉनिकमध्ये धुतल्यावर चारही जुळले. बदलायची गरज नाही.

कमी पेट्रोलवर पूर्ण भार म्हणजे मिश्रण पातळ, सिलिंडर तापतो, पिस्टनचं डोकं वितळू शकतं. तेही बघणं भाग होतं. दोन नंबरचा प्लग इतरांपेक्षा पांढरा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टन पाहिले, खड्डे नाहीत, कडा शाबूत. अण्णांना फोन करून सांगितलं तर पलीकडून आधी मोठा श्वास आणि मग "मालक, जेवायला या" एवढंच.

२२ एप्रिल, उजनी

नवा पाइप आला. आयएसओ ७८४० हे बोटींच्या पेट्रोल-पाइपाचं मानक छापलेला, आतून दहा मिमीच्या जवळपास, टाकीपासून इंजिनापर्यंत सगळा एकाच प्रतीचा. फुगाही बदलला, कारण त्याचं वय पाइपाएवढंच. फुगा बसवताना बाण इंजिनाकडं. क्लिपा स्टेनलेसच्या. पाइप गरम भागापासून लांब, सावलीच्या बाजूनं वळवून घेतला. टाकी पूर्ण रिकामी करून तळ पुसला, ताजं पेट्रोल.

मुद्दाम भर दुपारी चाचणी घेतली. माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या पोत्यांसह.

फुल थ्रॉटल, ५५०० आरपीएम, स्थिर. इंजिनाच्या तोंडाशी ओढ १.७ इंच. रेल ३ बार, काटा हलला नाही. पारदर्शक पाइपात एक बुडबुडा नाही, तेही पाइपाला हात लावला तर चटका बसेल अशा उन्हात. वाफेबद्दलचा अंदाज बरोबर निघाला. वळणावर थ्रॉटल सोडून पुन्हा झटक्यात दिला, बोट लगेच पाण्यावर उचलली. अण्णा स्वतः चालवत होते. मी गेजकडं बघत होतो, ते माझ्याकडं बघत होते, मी मान हलवेपर्यंत.

अण्णांना लिहून दिलं ते असं: पाइप आणि फुगा दर दोन वर्षांनी बदलायचा, दिसायला चांगला असला तरी. फिल्टरची वाटी दर पंधरवड्याला काचेत ओतून पाणी बघायचं. पावसाळ्यात बोट उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवायचं नाही. व्हेंटचं तोंड दर महिन्याला बघायचं. आणि आजचे आकडे डेकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवलेत, १.७ आणि ३; पुढं कुणीही मेकॅनिक आला तर त्याला निरोगी असतानाचा आकडा तिथंच मिळेल.

२४ एप्रिल

अण्णांचा फोन. तो बिनछापाचा पाइप ज्या गुंडाळ्यातला होता, त्यातूनच काठावरच्या आणखी काही बोटींना तुकडे कापून दिले होते. त्यातल्या दोघांची तक्रार तीच, "फुल्लला दम लागतो". आणखी एकाचं इंजिन चाळीस एचपीचं; त्याला पेट्रोल कमी लागतं, म्हणून तिथं जिभेनं वाट बुजायला अजून वेळ असेल, पण सुटलेली असणारच.

सोमवारी गेज आणि सुटी टाकी घेऊन जातोय. पाइपाची ऑर्डर वाढवून दिली आहे, चाळीसवाल्यासाठी आठ मिमीचा वेगळा. पोरगा म्हणाला, व्हॅक्यूम या खेपेला मी वाचतो. वाचू दे.